स्मरणार्थ सायकल राइड काढायची आहे? आयोजकांना नेहमी पडणारे प्रश्न

गेलेल्या माणसाच्या नावाने सायकल राइड काढू, त्यातून चार पैसे उभे करू आणि चांगल्या कामाला देऊ, ही कल्पना सहसा मित्रमंडळींच्या बैठकीत निघते आणि तिला कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणार तरी कसं? पण सगळे लगेच हो म्हणतात म्हणूनच अवघड प्रश्न विचारायचे राहून जातात. जिव्हाळा भरपूर असतो, तो आणायला सांगावं लागत नाही. आयोजकाने सांभाळायच्या गोष्टी दोनच, रस्ता आणि पैसा. त्या दोन्हींत त्याने जरा कोरडंच असलेलं बरं.

सुरुवात कुठून करायची?

घरच्यांपासून. रूट, टी-शर्ट, पोस्टर सगळं नंतर. नाव कसं लिहायचं, फोटो कोणता वापरायचा, पैसे कोणत्या कामाला द्यायचे, मृत्यूबद्दल किती सांगायचं आणि त्या दिवशी घरचे येणार का, एवढं त्यांना विचारून घ्या आणि ठरेल ते लिहून ठेवा. दुःखात माणूस एकदा हो म्हणतो आणि पंधरा दिवसांनी त्याला ते आठवतही नाही. त्यात त्याचा दोष नसतो.

बोलणं एकाच व्यक्तीमार्फत व्हावं. ही व्यक्ती शक्यतो आई, वडील, जोडीदार नसावी. चुलतभाऊ, मेहुणी, जुना शेजारी असं कोणी तरी असावं, ज्याला रात्री दहा वाजता बॅनरच्या रंगाबद्दल फोन आला तरी चालेल. घरातच दोन मतं असतील तर राइड पुढे ढकला. आणि घरच्यांनी नको म्हटलं, तर त्यांच्या माणसाचं नाव वापरायचं नाही. मित्रांनी मिळून सायकली काढायला आणि आपापल्या नावाने देणगी द्यायला कोणाची आडकाठी नसते.

मृत्यू कसा झाला ते निवेदनात लिहावं का?

आजार असेल आणि घरच्यांची तयारी असेल तर लिहा. निधी त्याच आजाराच्या कामासाठी असेल तर ते लिहिणं स्वाभाविकच आहे.

रस्ता अपघात असेल आणि पोलीस तपास किंवा खटला चालू असेल, तर चूक कोणाची हे लिहू नका. वाहनाचा क्रमांक नको, चालकाचं नाव नको. राग रास्त असला तरी त्या चार ओळी उद्या न्यायालयात घरच्यांनाच अडचणीच्या ठरू शकतात.

आत्महत्या असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी घालून दिलेली पथ्यं पाळा. पद्धत सांगायची नाही, जागा सांगायची नाही, ‘अमुक कारणाने’ असं एकच कारण चिकटवायचं नाही आणि मदत कुठे मिळेल ते ठळकपणे द्यायचं. मार्गही त्या जागेवरून नेऊ नका.

तारीख कोणती धरावी?

बहुतेकांच्या मनात पहिला स्मृतिदिन असतो. माझं मत विचाराल तर वाढदिवस बरा. पहिल्या स्मृतिदिनी घरच्यांना दीडशे लोकांसमोर उभं राहणं झेपेलच असं नाही, आणि त्या दिवशी त्यांचं घरचं काही असतं. दोन्ही दिवस भर उन्हाळ्यात किंवा धुवाधार पावसात येत असतील तर सरळ हवामान बघून सुट्टीची सकाळ निवडा. आठवण तारखेला बांधलेली नसते. उष्माघात मात्र तारखेला बांधलेला असतो.

तयारीला वेळ किती? पंधरा-वीस मित्रांची राइड दीड महिन्यात उभी राहते. पन्नासच्या वर अनोळखी लोक येणार असतील तर सहा महिने हाताशी ठेवा. परवानग्या, विमा आणि संस्थेशी पत्रव्यवहार आपल्या गतीने होत नाहीत.

अंतर किती ठेवावं?

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो, कारण अंतर ठरवायला बसलेले सगळे सायकलवाले असतात. त्यांना साठ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. राइडला येणारा मात्र गेलेल्या माणसाचा कचेरीतला सहकारी असतो, शाळेतली बाई असते, मावशी असते. सायकलशी त्यांचा संबंध वीस वर्षांपूर्वी संपलेला. ते येतात माणसासाठी.

म्हणून हिशोब सर्वांत हळू जाणाऱ्यापासून मांडा. सराव नसलेला माणूस सपाट रस्त्यावर ताशी बारा ते पंधरा किलोमीटरने जातो. ताशी १२ धरले तर २५ किलोमीटरला दोन तासांहून थोडं जास्त, थांबे धरून अडीच ते पावणेतीन तास. त्याच माणसाला साठ किलोमीटरवर पाठवलंत तर पाच तास नुसते पायडल मारण्यात, वर विश्रांती. तो उन्हात सापडणार आणि त्याच्यामागे तुमचे स्वयंसेवकही.

दोन अंतरं ठेवणं सगळ्यांत सोयीचं. एक १५ ते २५ किलोमीटरचं, दुसरं ५० ते ६०चं. दोघांची सुरुवात वेगळ्या वेळी आणि शेवट साधारण एकाच वेळी जमेल असं आखा, म्हणजे शेवटचा कार्यक्रम सगळ्यांना मिळतो. गेलेल्या माणसाचं वय, जन्मवर्ष किंवा आवडता आकडा अंतरात आणायचा मोह होतो. १९ किंवा ४२ किलोमीटर बसत असेल तर जरूर आणा. ७८ होत असेल तर तो आकडा बिबवर (स्वाराने कपड्यांवर लावायच्या नंबराच्या पट्टीवर) छापा, पायांवर लादू नका.

चढाचा विचार वेगळा करा. आठ टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर जाताना आठ मीटर वर, हा नवख्याला उतरून सायकल ढकलायला लावतो. त्याचं फारसं बिघडत नाही. खरा धोका उतारावर असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं थांबण्याचं अंतर साधारण चौपट होतं, आणि नवखा माणूस घाबरून नेमका पुढचा ब्रेक करकचून दाबतो. लांब उतार आणि त्याच्या तळाशी वळण किंवा चौक असेल तर तो रस्ताच सोडा, कितीही देखणा असला तरी.

रूट कसा तपासायचा?

सायकलवर बसून, त्याच वारी, त्याच वेळी. गाडीतून बघितलेला रस्ता आणि सायकलवरून अनुभवलेला रस्ता यांत फार फरक असतो. खडी, तुटलेली कडा, चाक अडकेल अशी गटाराची जाळी गाडीतून दिसत नाही. रूळ तिरके ओलांडावे लागणार असतील तर तिथे माणूस उभा करा, कारण रूळ काटकोनातच ओलांडले पाहिजेत, नाहीतर चाक खाचेत जातं. समोरून येणारी वाहतूक ओलांडून घ्यावी लागणारी वळणं जितकी कमी तितका रूट चांगला. गोल फेरी आखताना ती कोणत्या दिशेने फिरवायची याचा निर्णय बहुतेकदा याच एका मुद्द्यावर होतो.

शेवट जिथे सुरुवात तिथेच ठेवलात तर माणसं आणि सायकली परत आणण्याचा खर्च वाचतो. मधे एक-दोन ठिकाणी वाट सोडून लवकर परतता येईल अशी सोयही हवी.

अपघाताच्या जागेवरून जायचं असेल तर घरच्यांना आधी विचारा. थांबायचं असेल तर डांबरावर नाही, रस्त्याच्या पूर्ण बाहेर जागा असेल तरच. जिथे एक जीव गेला तिथे शंभर माणसं वाहतुकीत उभी करण्यात काही अर्थ नाही.

परवानगी लागते का?

नियम जागोजागी वेगळे आहेत. सर्वसाधारणपणे रस्ता बंद करायचा असेल, ध्वनिक्षेपक लावायचा असेल, सार्वजनिक मैदान किंवा बाग वापरायची असेल किंवा वेळ मोजून क्रमांक द्यायचे असतील, तर परवानगी जवळपास नक्कीच लागते. लागत नसली तरी पोलिसांना आणि जवळच्या रुग्णालयाला मार्ग आणि वेळ लेखी कळवून ठेवा. क्रमांक मात्र देऊच नका. शर्यत म्हटलं की विमा महागतो आणि माणसं वेडं धाडस करतात.

त्रयस्थाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा घ्या. सहभागींकडून घेतलेलं संमतिपत्र हे विम्याला पर्याय नाही. तुमच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अनेक ठिकाणच्या कायद्यांत अशा सहीने टळत नाही.

शंभर जण आले तर सगळे एकत्र निघायचे का?

फोटोपुरते एकत्र, नंतर नाही. साधं गणित करून बघा. दोघं-दोघं शेजारी चालवत असतील तर शंभर जणांच्या पन्नास जोड्या होतात. सायकल आणि पुढच्या सायकलपर्यंतचं अंतर मिळून चार मीटर धरले तर रांग दोनशे मीटर लांब होते. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर, म्हणजे ही रांग एक चौक पार करायला चाळीस सेकंद घेते. एकेरी रांग असेल तर ऐंशी. तेवढा सिग्नल क्वचितच मिळतो, रांग मधे तुटते, मागचे पुढच्यांना गाठायला सिग्नल तोडतात. मागून येणाऱ्या वाहनालाही इतकी लांब रांग ओलांडता येत नाही.

पंधरा-वीस जणांचे गट करा आणि दोन गटांत तीन-चार मिनिटं सोडा. प्रत्येक गटाला पुढे एक आणि मागे एक अनुभवी स्वार द्या. पुढच्याचं काम वेग रोखणं. त्याला वेगवान स्वार नेमू नका, संयमी नेमा.

स्वयंसेवक किती लागतात आणि त्यांनी करायचं काय?

धोक्याच्या प्रत्येक चौकात एक, नोंदणीला तीन-चार, पाण्याच्या प्रत्येक थांब्यावर दोन, आणि संपूर्ण राइडचा एक समन्वयक, जो स्वतः सायकल चालवणार नाही. हे शेवटचं कोणालाच नको असतं. ज्याने राइडची कल्पना काढली त्याला तर चालवायचीच असते. मग समन्वयक दुसरा शोधा, पण फोन हातात घेऊन एका जागी बसलेला एक माणूस हवाच.

चौकातल्या स्वयंसेवकाला वाहतूक अडवण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी नसतो. त्याने स्वारांना दिशा दाखवायची आणि सावध करायचं, वाहनांसमोर हात करून उभं राहायचं नाही.

सगळ्यात शेवटी एक गाडी असावी, जी दमलेल्यांना आणि नादुरुस्त सायकलींना उचलते. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या नामांकित सायकल शर्यतीत ही पद्धत १९१० साली आली, स्पर्धेत पिरेनीज पर्वतातले मोठे घाट पहिल्यांदा घेतले त्या वर्षी. मागून सगळं झाडून आणते म्हणून तिला झाडूगाडी म्हणतात. व्यावसायिक स्वारांना जिची गरज पडते तिची गरज मावशीला पडली तर लाज कसली, हे सुरुवातीच्या सूचनांमध्ये मुद्दाम सांगा. लोक गाडीत बसायला संकोचतात आणि त्या संकोचापायी चक्कर येईपर्यंत चालवत राहतात.

सायकल आणि स्वाराची तपासणी कशी करायची?

निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, चेन. टायर दाबून बघायचा, दोन्ही ब्रेक धरून सायकल पुढे ढकलून बघायची, चाकं घट्ट आहेत ना ते बघायचं. प्रत्येक सायकलला मिनिटभर पुरतं. हेल्मेट नसेल तर निघायचं नाही. हा नियम नोंदणीच्या फॉर्मवर आधीच छापा, म्हणजे सकाळी कोणाच्या काकांशी वाद घालावा लागत नाही. दर गटामागे एक पंप, दोन-तीन मापांच्या ट्यूब, टायर लिव्हर आणि पाने असलेला एक माणूस द्या.

वैद्यकीय तयारी किती?

बिबच्या मागच्या बाजूला नाव, घरच्यांचा फोन, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं. हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं (सीपीआर) प्रशिक्षण घेतलेले किमान दोघं-तिघं असावेत (मिनिटाला १०० ते १२० दाब), आणि हृदयाला विद्युत झटका देणारं यंत्र मिळालं तर फारच चांगलं. चाळिशी-पन्नाशीतले, सराव नसलेले, भावनेने भारलेले लोक एका सकाळी अचानक कष्ट करणार आहेत, हे लक्षात असू द्या.

उन्हात कोणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला तर तो दमला आहे असं समजून सावलीत बसवून सोडू नका. तो उष्माघात असू शकतो. अंगावर गार पाणी ओतून शरीर ताबडतोब थंड करायला लागा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. डोकं आपटलं असेल तर शुद्ध हरपली नसली तरी राइड तिथेच संपली, आणि ते हेल्मेटही बाद.

पाणी दर दहा-बारा किलोमीटरवर मिळावं. दीड तासाच्या वर चालवणाऱ्यांनी काहीतरी गोड-खारट खात राहावं. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं हे क्रीडा आहारातलं रुळलेलं प्रमाण आहे.

पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे?

तुमच्या वैयक्तिक खात्यात नाही. तुम्ही कितीही सचोटीचे असलात तरी नाही. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ज्या नोंदणीकृत संस्थेला निधी द्यायचा तिच्याच खात्यात देणगीदारांनी थेट पैसे भरायचे. पावतीही तीच देते, आणि देणगीदाराला करसवलत मिळणार असेल तर ती बहुधा अशाच पावतीवर मिळते. संस्थेकडून आधी लेखी पत्र घ्या: तिचं नाव आणि बोधचिन्ह वापरायला परवानगी आहे, निधी अमुक कामासाठीच वापरला जाईल, आणि किती रक्कम जमा झाली ते तुम्हाला कळवलं जाईल.

खर्चासाठी वेगळं खातं ठेवा, दोघांच्या सहीने चालणारं. दोघांपैकी एक तरी घराबाहेरचा असावा. घरच्या माणसावर संशय घ्यावा म्हणून नव्हे, तर उद्या कोणी तिरकस बोललं तर ते त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून.

आणि पैसे कुटुंबालाच द्यायचे असतील, मुलांच्या शिक्षणासाठी म्हणा, तर तसं स्पष्ट लिहा. ‘सत्कार्यासाठी’ हा शब्द अशा वेळी मोघम ठरतो. ही मदत देणगी मानली जाईल की भेट, आणि तिच्यावर कर लागेल का, हे हिशोबनिसाला आधी विचारा.

खर्च देणगीतून भागवला तर चालतं का?

भागवायचा असेल तर आधी जाहीर करा. पण देणगी एकीकडे आणि खर्च दुसरीकडे ठेवलेला कधीही चांगला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये पॅन-मास चॅलेंज नावाची राइड आहे. बिली स्टार यांनी कर्करोगाने गेलेल्या आईच्या आठवणीत १९८० साली काही मित्रांना घेऊन ती सुरू केली. आज ती कर्करोग संशोधनासाठी निधी उभारणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या राइड्सपैकी आहे. तिथे स्वारांनी गोळा केलेली रक्कम पूर्णच्या पूर्ण संशोधनाला जाते, आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजक यांतून निघतो. तुमची राइड पन्नास जणांची असली तरी हीच घडी बसवता येते. नोंदणी शुल्क एवढंच ठेवा की पाणी, विमा, बिब आणि रुग्णवाहिका भागेल. ‘तुमच्या देणगीतला एकही पैसा आयोजनावर खर्च होणार नाही’ हे वाक्य खरं असेल तेव्हाच छापा.

दर किलोमीटरमागे देणगी की एकरकमी? एकरकमी. किलोमीटरमागे दिलेला शब्द वसूल करायला नंतर महिने जातात, आणि दमलेला माणूस देणगी बुडू नये म्हणून चालवत राहतो.

टी-शर्ट छापावेत का?

आधी मागणी आणि पैसे घेऊन, तेवढेच. उरलेल्या टी-शर्टांचा गठ्ठा शेवटी घरच्यांकडेच जातो, आणि त्यावर त्यांच्याच माणसाचा फोटो असतो. त्यांनी तो कुठे ठेवायचा?

सायकलऐवजी मोटारसायकलची राइड असेल तर?

पैसा, घरचे, परवानगी या बाबतींत वरचं सगळं तसंच. रस्त्यावर गट आणखी लहान करा. मोटारसायकल प्रशिक्षणात पाच ते सात गाड्यांचा गट सुचवतात. शेजारी-शेजारी न चालवता एकाआड एक डावी-उजवी मांडणी ठेवायची: लेनच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या पुढच्या गाडीपासून किमान एक सेकंद आणि थेट समोरच्या गाडीपासून किमान दोन सेकंद. वळणावळणांच्या रस्त्यावर एकेरी. आदरांजली म्हणून इंजिन रेस करणं, सायलेन्सर काढणं वगैरे प्रकार रुग्णालय आणि वस्तीजवळ तरी टाळा.

कार्यक्रम कसा असावा?

छोटा. स्वार सकाळी उभे असतात, उन्हं चढत असतात आणि पाहुणे बोलत असतात, हे चित्र टाळा. निघताना सुरक्षेच्या सूचना आणि घरच्यांपैकी कोणाची दोन वाक्यं, तीही त्यांना वाटलं तरच. बाकीचं शेवटी, सावलीत.

भाषणं नकोच असतील तर शांत राइड हा सुंदर पर्याय आहे. राइड ऑफ सायलेन्स २००३ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये एका सायकलस्वाराच्या अपघाती मृत्यूनंतर सुरू झाली. आता ती दर मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी अनेक देशांत निघते. स्वार एक शब्द न बोलता, ताशी साधारण १९ किलोमीटरच्या आत, वाहतुकीचे नियम पाळत जातात. शुल्क नाही, प्रायोजक नाहीत. निधी उभारणाऱ्या राइडमध्येही शेवटचे दोन किलोमीटर असे शांत ठेवता येतात. धोक्याचा इशारा मात्र शांततेतही ओरडून द्यायचा, हे आधी सांगा.

काही जण अपघाताच्या जागी पांढरी रंगवलेली सायकल ठेवतात. ही प्रथा अमेरिकेतल्या सेंट लुईसमधून २००३ नंतर पसरली. ठेवणार असाल तर जागेच्या मालकाची परवानगी घ्या आणि ती पुढे कोण सांभाळणार ते ठरवा. गंजलेली, मोडकी सायकल रोज दिसणं घरच्यांना सोसत नाही.

पाऊस आला तर?

राइड कधी रद्द होईल आणि ते कोण ठरवेल, हे आदल्या आठवड्यातच लिहून ठेवा. ऐन वेळी ‘त्याला आवडलं असतं, चला जाऊ या’ असं कोणीतरी म्हणतंच. रिमझिम चालेल. विजा असतील तर नाही, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास थांबल्याशिवाय निघायचं नाही.

राइड झाल्यावर काय उरतं?

हिशोब. किती जमले, कोणाकडून किती आले (नाव नको म्हणणाऱ्यांची नावं वगळून), खर्च कशावर झाला, संस्थेला कधी आणि किती दिले, त्याची पावती. हे महिन्याभरात सगळ्या सहभागींना पाठवा, आकडा अपेक्षेपेक्षा लहान असला तरी. स्वयंसेवकांचे आभार त्याआधी, वेगळे माना. फोटो जाहीर करण्यापूर्वी घरच्यांना दाखवा. रडताना टिपलेला चेहरा कितीही बोलका असला तरी तो त्यांच्याच मालकीचा आहे.

दर वर्षी करावी का?

पहिल्या राइडच्या दिवशी व्यासपीठावरून तशी घोषणा करू नका. दोन-तीन महिने जाऊ द्या, मग घरच्यांना विचारा, आणि पुढेही दर वर्षी नव्याने विचारा. दुसऱ्या वर्षी संख्या निम्म्यावर येणं नेहमीचंच आहे, त्याचा अर्थ लोक विसरले असा नव्हे. तिसऱ्या वर्षी दहा जण उरले तर नोंदणी, बिब, रुग्णवाहिका असला पसारा काढून टाका, दहा जणांनी सकाळी सायकली काढा आणि संस्थेला प्रत्येकाने थेट देणगी पाठवा. त्यासाठी आयोजन समितीची गरज नाही, एक निरोप पुरतो.